व्हॅक्यूम पंपाचे तेल आणि उसाचा भाव



वार्षिक अहवाल हातात पडला की जाणता सभासद आधी उसाचा दर बघतो आणि मग खर्चाच्या बाजूकडे वळतो. त्या बाजूला 'दुरुस्ती व देखभाल' आणि 'ऑइल व ग्रीस' अशा ओळी असतात. आकडा लहान नसतो. मग सभेत कोणीतरी उठून विचारतो, "हंगाम चार-पाच महिन्यांचा. बाकीचं वर्ष यंत्रं उभीच असतात. उभ्या यंत्राला ऑइल कशाला पाजायचं?" प्रश्न रास्त आहे. पैसा सभासदांचा आहे, तेव्हा विचारण्याचा हक्कही त्यांचाच. म्हणून या अंकात त्या खर्चातल्या एका लहानशा भागाची फोड करून दाखवीत आहोत. तो भाग म्हणजे व्हॅक्यूम पंपांची देखभाल आणि त्यांचे तेल बदलणे.

मुद्दाम हाच भाग निवडला त्याला कारण आहे. कारखाना पाहायला आलेला माणूस मिल बघतो, बॉयलर बघतो, साखरेची पोती बघतो. व्हॅक्यूम पंप एका अंगाला आपला फिरत असतो, त्याच्याकडे कोणाची नजर जात नाही. मिल थांबली तर गावभर कळते. व्हॅक्यूम पंप मात्र एकदम थांबत नाही. तो रोज थोडा थोडा कमी पडत जातो, आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत सभासदांची साखर वाटेतच सांडलेली असते. ही सांडलवंड थांबवण्यासाठीच तेल-ग्रीसचा खर्च आहे.

काहील आणि पॅन

गुऱ्हाळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. काहिलीत रस उघड्यावर उकळतो. गूळ उतरवायच्या वेळी काहिलीतल्या पाकाचे तापमान ११६ ते ११८ अंश सेल्सिअसपर्यंत गेलेले असते. त्या उष्णतेने पाकाला रंग येतो, वास येतो, चव येते. गुळाला ते सारे हवेच असते. साखरेला ते चालत नाही. साखर जास्त तापली की रंग धरते, करपते. रसात थोडा जरी आंबटपणा उरला असेल तर उष्णतेने साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. त्यांचा दाणा बांधला जात नाही, त्यांची वाट मोलॅसिसच्या टाकीकडे जाते. उसात आलेली आणि शेतकऱ्याने वजनकाट्यावर दिलेली साखर अशी पोत्यात न येता भलतीकडेच जाते.

मग पाणी तर उडवायचे, पण पाक फार तापू द्यायचा नाही, हे जमवायचे कसे? पाण्यावरचा हवेचा दाब कमी केला की पाणी कमी उष्णतेला उकळते. महाबळेश्वरला पाणी शंभर अंशांऐवजी ९५-९६ अंशांनाच उकळते, कारण तिथे हवा विरळ आहे. बंद भांड्यातली हवा काढून घेतली तर हीच गोष्ट कितीतरी जास्त प्रमाणात घडते. इंग्लंडमधील एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड यांनी १८१२-१३ च्या सुमारास बंद भांड्यात, कमी दाबाखाली साखर शिजवण्याची रीत काढली. आपल्या कारखान्यातले व्हॅक्यूम पॅन याच रीतीचे पुढचे रूप.

आता आकडे पाहू. हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत मोजतात. समुद्रकाठी तो ३० इंच भरतो. आपण देशावर, समुद्रापासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर राहतो, तिथे तो २८ इंचांच्या आसपास असतो. पॅनच्या गेजवर व्हॅक्यूम २४ इंच दाखवत असेल तर आत फक्त ४ इंचांचा दाब उरला असे समजावे. त्या दाबाला पाणी सुमारे ५२ अंशांना उकळते. गेज २२ वर उतरला की ६०, २० वर उतरला की ६७ आणि १८ वर आला की ७२ अंश लागतात. पाक घट्ट असल्यामुळे त्याला या प्रत्येक आकड्यापेक्षा दहा-बारा अंश जास्तच लागतात. म्हणजे गेजचा काटा चार इंच मागे सरकला की पॅनमधला माल पंधरा अंशांनी जास्त तापतो.

दुसरा तोटा वेळेचा. पॅनला उष्णता मिळते ती वाफेकडून. वाफ आणि पाक यांच्या तापमानातला फरक जेवढा मोठा, तेवढा पाक भरभर उकळतो. व्हॅक्यूम उतरला की हा फरक आटतो आणि एक पॅन उतरायला लागणारा वेळ वाढतो. पॅन रिकामे होत नाही म्हणून सिरपच्या टाक्या भरतात. टाक्या भरल्या म्हणून इव्हॅपोरेटर मंद करावा लागतो. मग मिलचा वेग कमी होतो. गव्हाणीत ऊस तसाच राहतो आणि वजनकाट्यासमोर बैलगाड्या, ट्रॅक्टर यांची रांग लागते. उन्हात उभ्या असलेल्या तोडलेल्या उसाचे वजन घटते आणि त्यातली साखरही. रांगेत ताटकळलेला सभासद चिडून विचारतो, "आज मिलला काय झालं?" मिलला काही झालेले नसते. कारण दोन मजले वर, पॅनच्या गेजवर असते.

व्हॅक्यूम होतो कसा?

पॅनमधून उठलेली वाफ कंडेन्सरमध्ये जाते. तिथे तिच्यावर थंड पाण्याचा मारा होतो आणि वाफेचे पाणी होते. वाफ जेवढी जागा अडवते त्या मानाने पाणी अगदीच थोडी जागा घेते, म्हणून आत पोकळी तयार होते. कंडेन्सर उंचावर बसवलेला असतो. त्याची खाली येणारी नळी दहा मीटरांहून लांब असते, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाने खालचे पाणी वर चढून आत शिरत नाही.

एवढ्याने सारे भागले असते, पण वाफेबरोबर हवाही येते. रसात विरघळलेली हवा असते, थंड पाण्यातली हवा असते आणि सांध्या-झडपांच्या फटींतून बाहेरची हवा आत घुसते. हवेचे काही केल्या पाणी होत नाही. ती कंडेन्सरमध्ये साठत जाते आणि व्हॅक्यूम खाली आणते. ही हवा सतत उपसून बाहेर टाकणे एवढेच व्हॅक्यूम पंपाचे काम. विहिरीत पाणी झिरपत राहते आणि आपण ते उपसत राहतो, तसेच हे. उपसा झिरप्यापेक्षा कमी पडला की विहीर भरते. इथे पंप कमी पडला की कंडेन्सर हवेने भरतो.

बऱ्याच कारखान्यांत आता मल्टिजेट कंडेन्सर आहेत. त्यांत जोराच्या पाण्याच्या फवाऱ्यांनीच हवा ओढली जाते, पॅनसाठी वेगळा पंप ठेवावा लागत नाही. पण गाळ गाळणाऱ्या रोटरी व्हॅक्यूम फिल्टरला पंप लागतोच. तेव्हा या ना त्या रूपात व्हॅक्यूम पंप कारखान्यातून गेलेला नाही.

प्रेसमडमधून जाणारी साखर

फिल्टरवर पंप काय करतो तेही समजून घेऊ, कारण तिथला तोटा सभासदाला स्वतःच्या शेतात बघायला मिळतो. रस स्वच्छ करताना खाली बसलेल्या गाळात बारीक भुसा मिसळून तो फिल्टरच्या फिरत्या पिंपावर घेतात. पिंपाच्या आतून पंपाची ओढ असते, त्यामुळे गाळाचा थर जाळीला चिकटतो. त्या थरावर गरम पाणी शिंपडून उरलासुरला रस ओढून घेतात. शेवटी जो थर खरवडून निघतो तो प्रेसमड, म्हणजे आपण खतासाठी नेतो तो.

ओढ कमी पडली की थर पातळ बसतो, ओला राहतो, शिंपडलेले पाणी थरातून न जाता वरूनच ओघळते. साखर प्रेसमडमध्ये तशीच राहते. हिशेब सोपा आहे. समजा, शंभर टन उसामागे साडेतीन टन प्रेसमड निघतो आणि त्यातले साखरेचे प्रमाण दोन टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर गेले. हा एकच टक्का म्हणजे शंभर टन उसामागे ३५ किलो साखर. रोज २,५०० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात ती दिवसाला ८७५ किलो होते, आणि १५० दिवसांच्या हंगामात १,३१२ क्विंटल. यातली सगळीच पोत्यात आली असती असे नाही, काही भाग मोलॅसिसमध्ये गेलाच असता. तरीही हा आकडा ऑइलच्या बिलाशेजारी ठेवून पाहावा.

२००९ साली ऊस नियंत्रण आदेशात दुरुस्ती झाली आणि किमान भावाच्या जागी रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी आली. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला वाढीव रक्कम ठरली. दर उताऱ्याशी बांधलेला आहे. म्हणून वाटेत सांडलेली साखर कारखान्याची हानी आहेच, शिवाय ती प्रत्येक सभासदाच्या बिलातून गेलेली असते.

तीन तऱ्हेचे पंप, तीन तऱ्हेची काळजी

साखर कारखान्यात साधारणपणे तीन तऱ्हेचे व्हॅक्यूम पंप आढळतात. तिघांची गरज वेगळी आहे. एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

पहिला, पिस्टनचा जुना पंप. सिलिंडरमध्ये पिस्टन मागे-पुढे होतो आणि झडपांतून हवा ओढून बाहेर टाकतो. याला दोन ठिकाणी तेल लागते. क्रँककेसमधले तेल बेअरिंगांना वंगण देते आणि सिलिंडरमध्ये थेंब-थेंब पडणारे तेल पिस्टन रिंगांना. दोन्ही तेले वेगळी असतात. पिस्टन रॉडच्या ग्लॅन्डमधून ओलावा क्रँककेसमध्ये उतरतो. तेलात पाणी मिसळले की बेअरिंग झिजते. सिलिंडरला तेल कमी पडले तर रिंगा घासतात, फार पडले तर झडपांवर त्याची काजळी-चिकटी बसते आणि झडप पुरती मिटत नाही. झडप मिटली नाही की ओढलेली हवा परत आत जाते. पंप फिरतो, वीज खातो, पण उपसा होत नाही.

दुसरा, पाण्याच्या कड्याचा पंप. फिल्टरवर बहुधा हाच असतो. गोल खोलीत पात्यांचे चाक एका बाजूला सरकवून बसवलेले असते. फिरताना पाणी कडेला फेकले जाऊन त्याचे कडे तयार होते. पाते आणि पाणी यांच्यामधली जागा फिरता फिरता मोठी-लहान होते, तिच्यातून हवा ओढली आणि ढकलली जाते. या पंपाच्या पोटात तेल नसते, तेलाचे काम पाणीच करते. म्हणून पाणी थंड आणि स्वच्छ हवे. पाणी ३० अंशांचे असेल तर त्याची स्वतःची वाफ सव्वा इंचाचा दाब देते. तेच ५० अंशांचे असेल तर साडेतीन इंचांहून जास्त. म्हणजे पंप हवा उपसण्याऐवजी स्वतःचीच वाफ उपसत बसतो. पाणी जड असेल तर क्षार बसून फटी बुजतात, वाळू असेल तर पाती झिजतात. हा पंप कोरडा कधी सुरू करू नये. पोट पाण्याने काठोकाठ भरूनही सुरू करू नये, मोटरवर भार येतो. ग्लॅन्डमधून थेंब-थेंब पाणी गळले पाहिजे. गळती दिसते म्हणून नट आवळून ती साफ बंद केली की पॅकिंग जळते आणि शाफ्टला खाच पडते.

या पंपाच्या बेअरिंगला ग्रीस लागते. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे ग्रीस कमी घालण्याची नव्हे, जास्त घालण्याची. बेअरिंगच्या पेटीत तिसरा हिस्सा ते निम्मी जागा भरली की पुरे. ठासून भरले तर ग्रीस आतल्या आत घुसळले जाते आणि बेअरिंग तापते. मोटर आणि पंप यांच्यामध्ये गिअरबॉक्स असेल तर त्याचे तेल निराळे, त्याची वेळही निराळी.

तिसरा, पात्यांचा तेलपंप. हा प्रयोगशाळेत असतो. आकाराने लहान, पण फार नाजूक. याच्या पोटात तेलच असते आणि ते चार कामे करते : फटी बुजवते, वंगण देते, उष्णता वाहून नेते आणि घाण धरून ठेवते. यात वाफ शिरली की तिचे पाणी होऊन तेल दुधाळ होते. त्यासाठी पंपावर गॅस बॅलास्ट नावाची लहान झडप असते. ती उघडली की थोडी बाहेरची हवा आत येते आणि वाफेचे पाणी होण्याआधीच तिला बाहेर घालवते. हा पंप आधी वीस-तीस मिनिटे चालवून गरम करावा, मग त्यावर ओला नमुना लावावा.

तेल बदलणे म्हणजे नुसते ओतणे नव्हे

आपल्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचे किंवा ट्रॅक्टरचे ऑइल आपण बदलतो. इथली रीत तीच, पण जरा जास्त काटेकोर.

१. पंप थोडा वेळ चालवून तेल कोमट करावे. कोमट तेल पातळ होते, तळचा गाळ त्याच्याबरोबर निघतो. गार तेल सोडले तर घाण तळाशी राहते आणि नवे तेल पहिल्याच दिवशी जुने होते.

२. पंप बंद करून विजेचे फ्यूज काढावेत आणि स्विचवर 'काम चालू आहे' अशी पाटी लावावी. ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढावी.

३. तळचा बूच उघडून तेल स्वच्छ भांड्यात घ्यावे. शेवटचा पेलाभर वेगळा धरून त्यात पाणी, चिकटी, धातूचा चुरा आहे का ते बघावे.

४. क्रँककेस आतून स्वच्छ धडक्याने पुसावी. कॉटन वेस्ट वापरू नये, त्याचे धागे सुटतात आणि तेलाच्या बारीक वाटा बुजवतात. तेलाचा फिल्टर असेल तर तो बदलावा.

५. तेलपंप धुवायला रॉकेल-डिझेल वापरू नये. ते आत थोडे जरी राहिले तरी त्याची वाफ होते आणि व्हॅक्यूम बिघडवते. धुवायचाच असेल तर त्याच जातीचे थोडे नवे तेल घालून, जरा फिरवून काढून टाकावे.

६. बुचाचे वॉशर बघून, पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच तेल खुणेपर्यंत भरावे. खुणेवर भरले तर तेल उडते, फेसाळते. खाली ठेवले तर बेअरिंग कोरडे पडते.

७. आधी हाताने एक-दोन फेरे फिरवून पाहावे, मग मोटर सुरू करावी. अर्ध्या तासाने खूण पुन्हा तपासावी.

८. तारीख, चालू तास, तेलाची जात, किती घातले आणि निघालेले तेल कसे होते, ते लॉगबुकात लिहून सही करावी.

"किती दिवसांनी बदलायचं?" याला सगळ्या पंपांना लागू पडेल असा एक आकडा नाही. बनवणाऱ्याच्या पुस्तिकेतले तास ही कमाल मर्यादा समजावी. नवे बेअरिंग बसवले असेल तर पहिला बदल लवकर करावा, कारण सुरुवातीला चुरा जास्त सुटतो. आणि तेल वेळेआधी खराब दिसले तर तासांची वाट पाहू नये.

तेलाचा रंग काय सांगतो?

तेलाच्या काचेकडे दर शिफ्टला नजर टाकायला पैसा लागत नाही. तेल स्वच्छ आणि मधाच्या रंगाचे असेल तर ठीक. ताकासारखे पांढुरके झाले तर पाणी शिरले. नुसते तेल बदलून ते परत तसेच होईल, पाणी कुठून येते ते शोधले पाहिजे. काळे आणि जळकट वासाचे झाले तर पंप तापतो आहे. बोटावर घेतल्यावर चमचम दिसली तर कुठेतरी धातू घासतो आहे, लगेच पंप उघडावा. तेल काही न गळता वाढलेले दिसले तर आनंद मानू नये, तळाशी पाणी साठल्यामुळे ते वर आलेले असते.

पंपाला दोष देण्याआधी

व्हॅक्यूम उतरला की सगळे पंपावर ठपका ठेवतात. विहिरीवरचा अनुभव आठवा. पंप पाणी सोडतो तेव्हा दर वेळी पंप बिघडलेला नसतो. फूटव्हॉल्व्ह किंवा ओढ-पाइपाचा सांधा हवा घेत असतो. इथेही तसेच. पॅनच्या दाराचे गॅस्केट, काचेची खिडकी, झडपांचे ग्लॅन्ड, खालचे डिस्चार्ज दार, यांतले एखादे हवा घेत असेल तर नवाकोरा पंपही पुरा पडत नाही.

म्हणून हंगामाआधी रिकाम्या पॅनवर व्हॅक्यूम चढवून सगळ्या झडपा बंद करतात आणि तासाभरात काटा किती मागे येतो ते पाहतात. फार आला तर पॅनमध्ये पाणी भरून कुठून झिरपते ते शोधतात. आणखी एक कारण थंड पाण्याचे. फवारा-तळ्यातले पाणी नीट गार होत नसेल तर कंडेन्सरमध्ये वाफेचे पाणी होत नाही आणि सारा बोजा पंपावर येतो. आधी पाणी, मग गळती, मग पंप, असा तपासाचा क्रम ठेवला तर उगीच पंप खोलण्याचा खर्च वाचतो.

बिगर हंगामातच कशासाठी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उभ्या यंत्राला तेल कशाला? हंगाम संपताना जुन्या तेलात पाणी आणि आम्ल साठलेले असते. ते तसेच ठेवून पावसाळा काढला तर बेअरिंग आणि सिलिंडर आतून गंजतात. वापरात असताना जेवढी झीज होत नाही तेवढी उभ्या उभ्या होते. म्हणून शेवटचा पॅन उतरल्यावर जुने तेल काढून नवे भरतात, पंप थोडा फिरवून ते सगळीकडे पोचवतात आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा शाफ्ट हाताने फिरवून ठेवतात. पाण्याच्या कड्याच्या पंपातले पाणी काढून तो कोरडा करतात. झडपा, रिंगा, पॅकिंग, पट्टे याच काळात बदलतात. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटला आणि गव्हाणीत मोळी पडली, की मग पंप उघडायला सवड नसते. त्या वेळी दोन तास पंप थांबवणे म्हणजे दोन तास रांग लांबवणे.

तेलाचे पिंप ठेवण्यातही पैसा वाचतो. पिंप उघड्यावर उभे ठेवले तर पावसाचे पाणी वरच्या खळग्यात साठते. दिवसा पिंप तापते, रात्री गार होते आणि श्वास घेतल्यासारखे ते पाणी बुचातून आत ओढते. पिंप न उघडताच तेल खराब होते. म्हणून पिंपे छपराखाली, आडवी, दोन्ही बुचे एका पातळीत राहतील अशी ठेवावीत. प्रत्येक तेलाला वेगळे माप आणि वेगळ्या रंगाची कॅन हवी.

सभासदांचे काही प्रश्न

"स्वस्तातलं ऑइल घेतलं तर?" बेअरिंगला जात जुळत असेल आणि पुस्तिका परवानगी देत असेल तर घ्यावे, काटकसरीला ना नाही. पण तेलपंपात गाडीचे इंजिन ऑइल घालू नये. इंजिन ऑइलमधले मळ धरणारे मसाले पाण्यालाही धरून ठेवतात आणि त्याची वाफ लवकर सुटते. इंजिनाला जे गुणाचे, ते इथे अवगुणाचे.

"जुनं ऑइल गाळून परत घातलं तर?" फडक्याने गाळून फक्त कचरा निघतो. पाणी, आम्ल आणि झिजलेला गुण निघत नाही.

"काढलेलं काळं ऑइल सभासदांना द्या की, कुंपणाच्या खांबांना लावू." मागणी जुनी आहे, पण देता येत नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते परवाना असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे लागते. ओढ्यात, पाटात सांडले तर आपलेच पाणी आणि आपलीच जमीन नासते.

"मग काटकसर करायचीच नाही का?" जरूर करावी. ग्लॅन्डमधून सांडणारे तेल, उघडे पिंप, दुप्पट घातलेले ग्रीस, चुकीच्या जातीची खरेदी, नोंद नसल्यामुळे दोनदा झालेला बदल, ही सारी खरी उधळपट्टी. ती शोधून थांबवावी. बदलायच्या वेळी तेल न बदलणे ही काटकसर नव्हे, ती पुढच्या हंगामाची उधारी आहे.

सभासदांनी काय विचारावे?

पुढच्या सर्वसाधारण सभेत ऑइलच्या खर्चाबद्दल अवश्य विचारा. पण "खर्च किती झाला?" एवढ्यावर थांबू नका. "हंगामभर पॅनवर सरासरी व्हॅक्यूम किती राहिला? प्रेसमडमधली साखर मागच्या वर्षापेक्षा वाढली की घटली? व्हॅक्यूमअभावी मिल किती तास मंद चालवावी लागली?" हे तीन प्रश्न विचारा. आकडे लॉगबुकात आणि प्रयोगशाळेच्या नोंदीत असतात, ते सभेपुढे यायला हवेत. खर्च वाढला आणि हे तीन आकडे सुधारले, तर तेल कामी आले. खर्च घटला आणि आकडे बिघडले, तर वाचवलेल्या रुपयाने सभासदांची साखर खाल्ली असे समजावे. आणि खर्चही वाढला, आकडेही बिघडले, तर मात्र जबाबदार माणसाला जाब विचारावा, मग तो कोणीही असो.

कारखान्यावर आलात तर ऑइलमनकडेही एकदा जा. बारा-तेरा महिने वाढवलेल्या उसातली साखर पोत्यापर्यंत पोचवणाऱ्या माणसांत त्याच्या तेलाच्या कॅनचाही वाटा आहे. त्याचे लॉगबुक बघायला मागा. नोंदी रोजच्या रोज असतील तर त्याच्या पाठीवर थाप द्या. पाने कोरी असतील तर ते सभेत सांगा.

— अभियांत्रिकी विभाग